घोडा नसलेला शब्द

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे जंजाळ सर एक शब्द कधीच उच्चारत नसत. तो शब्द म्हणजे अश्वशक्ती. कार्य आणि शक्तीचा धडा आला की ते फळ्यावर सगळं मांडत, उदाहरणं सोडवून घेत, पण तो शब्द आला की पुढच्या बाकावरच्या मुलाला म्हणत, "तू वाच." मुलगा वाचायचा आणि सर खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. हॉर्सपॉवरही नाही. शाळेच्या विहिरीवर मोटर बसवायची ठरली तेव्हा दुकानात त्यांनाच पाठवलं होतं. "पाचची द्या," एवढंच ते दुकानदाराला म्हणाले. पाच काय, ते त्याला कळतच होतं.

आणि हाच माणूस युरोपातल्या एकेका भाषेत त्याच शब्दाला काय म्हणतात ते गोळा करत होता. जर्मन, फ्रेंच, रशियन, पोलिश, फिनलंडची भाषा, हंगेरीची भाषा. मी मराठी शिकवत असे, म्हणून शब्दांचं काही निघालं की ते माझ्याकडे येत. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणत, "बाई, एक मिनिट." आत येऊन बसत मात्र नसत. चहासुद्धा दारातच उभ्याने पीत. खुर्ची दिली तरी तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहत. मला वाटायचं, हा माणूस कायम कुठेतरी निघायच्या तयारीत आहे.

मी जाफराबादला एक्याऐंशी साली रुजू झाले. सर माझ्या आधी दोन वर्षं आलेले. रंगनाथ जंजाळ. उंच, काटक, पांढरा शर्ट नेहमी इस्त्रीचा, पण पायांत जाड तळव्याच्या चपला. बोलणं अगदी पुस्तकातलं. वर्गात चुकूनही 'न्हाई' किंवा 'मंग' तोंडून जायचं नाही. मुलं तसं बोलली की दुरुस्त करायचे. गावाबद्दल विचारलं तर म्हणायचे, "थोडी शेती आहे." कुठे, किती, हे पुढे कुणी विचारलं नाही, कारण त्यांनी विचारू दिलं नाही.

एकदा आम्ही मुलांची सहल राजूरला गणपतीला नेली होती. चतुर्थीची गर्दी. निघताना आम्ही सगळे शिक्षक नावं वाचून मुलं मोजतोय, आकडा दर वेळी वेगळा. जंजाळ सर एका कट्ट्यावर चढले, मुलांच्या घोळक्यावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "दोघं कमी आहेत. एक कानाला फडकं बांधलेला आणि दुसरा त्याच्या मागं मागं असणारा." ते दोघं प्रसादाच्या दुकानापाशी सापडले. आमचे चित्रकलेचे शिक्षक हसत म्हणाले, "सर, तुम्हाला मेंढरं राखायची सवय दिसते." सगळे हसले. सरही हसले, पण कट्ट्यावरून उतरून बसमध्ये जाऊन बसले ते जाफराबाद येईपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. त्याचा अर्थ तेव्हा आम्हाला लागला नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आमच्या शाळेत भरणार होतं. मुख्याध्यापकांना काहीतरी डोळ्यांत भरेल असं हवं होतं. जिल्ह्याहून शिक्षण खात्याचे मोठे साहेब यायचे होते. जंजाळ सरांनी सुचवलं की अश्वशक्ती म्हणजे काय, हे खऱ्या घोड्याकडून करून दाखवू. पंचाहत्तर किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचललं की एक अश्वशक्ती. विहिरीवर मोटेचं जुनं चाक होतंच. तेवढ्या वजनाचं वाळूचं पोतं दोराला बांधायचं, दोर चाकावरून घ्यायचा, घोड्याच्या छातीला पट्टा बांधून त्याला सरळ चालवायचं आणि मुलांनी वेळ मोजायची. त्या काळात हा शब्द ते कुणापेक्षाही मोठ्याने म्हणायचे. आठवडाभर शाळेत दुसरं काही बोलणं नव्हतं.

घोडा नाही, घोडी आली. गावाबाहेर नाल्याकाठी मेंढपाळांचा एक वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणारा तळ, उतरला होता. दसरा झाला की ही मंडळी मेंढरं घेऊन लांब निघतात, विदर्भाकडे, खानदेशाकडे. भांडी, अंथरूण, कोंबड्या, तान्ही पोरं, सगळं घोडीच्या पाठीवर. त्या वाड्यातली एक बाई घोडी घेऊन आली. पन्नाशीची असावी, उन्हाने काळवंडलेली, लुगड्याचा काष्टा घट्ट. घोडी लहानखुरी, तांबूस, गळ्यात निळ्या मण्यांची माळ. तिचं नाव मैना. बाईने तिला नाल्यावर धुऊन आणलं होतं, अजून ओली होती. सकाळी मुलांनी दोनदा करून बघितलं. मैना कान टवकारून सरळ चालत गेली, पोतं वर आलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईने तिच्या कपाळावर हात फिरवला आणि सरांकडे बघून हसली. सरांनी तिच्याकडे बघितलं नाही. ते घड्याळ बघत होते.

साहेब दुपारी आले. ऊन रणरणत होतं आणि मुलांनी पाण्याच्या खेपा केल्यामुळे विहिरीभोवतीची फरशी ओली झाली होती. सर समजावून सांगू लागले. फार छान सांगितलं त्यांनी. इंग्लंडात इंजिन विकणाऱ्यांना गिऱ्हाइकाला पटवायचं होतं की आमचं यंत्र इतक्या घोड्यांचं काम करतं, त्यातून हे माप कसं आलं, वगैरे. साहेबांनी विचारलं, "घोडी कुणाची?"

"इथल्याच एका मेंढपाळ बाईची आहे, साहेब," सर म्हणाले.

बाई तिथेच होती, दोर धरून, हातभर अंतरावर.

मैना चालली, पोतं वर आलं. साहेबांचं लक्ष तेवढ्यात दुसरीकडे गेलं होतं. त्यांनी परत करायला सांगितलं. परत केलं. मग साहेबांना गंमत वाटू लागली. ते म्हणाले, "एका घोड्याचं काम करते, दोन घोड्यांचं करते का बघू." बरोबरची मंडळी हसली. सर क्षणभर थांबले, मग त्यांनी मुलांना आणखी एक पोतं बांधायला सांगितलं.  बाईने सरांकडे बघितलं, आणि सर म्हणाले तसं मैनेला पुढे घेतलं.

मैनेने जोर लावला. दोर ताणला गेला, पोती थोडी हलली. मग ओल्या फरशीवर तिचे पुढचे पाय घसरले, वजनाने दोर मागे खेचला गेला आणि ती कुशीवर पडली. पडतानाचा आवाज मी अजून विसरलेले नाही; लाकूड मोडावं तसा. मुली किंचाळल्या. दोर अजून ताणलेलाच होता आणि घोडी विहिरीकडे ओढली जात होती. सर हातात घड्याळ धरून उभे होते. 

तेव्हा ती बाई म्हणाली, "रंग्या, आदी दोरी सोड."

ओरडली नाही. घरात सांगावं तसं म्हणाली. सरांनी घड्याळ टाकलं, धावत जाऊन पोत्यांजवळ पडलेल्या विळ्याने दोर कापला. पोती विहिरीत गेली. आणि आम्ही सगळे, मुख्याध्यापक, साहेब, शिक्षक, वर्गातली मुलं, सरांकडे बघत राहिलो. घोडी कुणाची, हे आता कुणाला सांगावं लागणार नव्हतं. ती बाई, कौसाबाई, सरांची सख्खी थोरली बहीण होती. आई-बाप लवकर गेले तेव्हा तिनेच त्यांना सांभाळलं होतं, मेंढरांमागे फिरत. त्यांना वसतिगृहात ठेवलं होतं आणि वाडा जिथे असेल तिथून सुट्टीत त्यांना घ्यायला मैनेची आई पाठवली जायची, असं त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं.

साहेबांना मुख्याध्यापकांनी नाश्त्याला नेलं. बाई मैनेचं डोकं मांडीवर घेऊन उन्हात बसली. मैनेचा पुढचा पाय मोडला होता. गुरांचा डॉक्टर आला, बघून मान हलवून गेला. संध्याकाळी बैलगाडीतून तिला नाल्यावर नेलं, आणि दसऱ्याच्या आत ती गेली. प्रदर्शनात पहिलं बक्षीस त्याच प्रयोगाला मिळालं. प्रमाणपत्र आणायला सर गेले नाहीत. ते कित्येक वर्षं ऑफिसच्या कपाटात पडून होतं.

त्यानंतर सरांचा तो शब्द बंद झाला.

बहिणीने काही धरून ठेवलं नाही, असं सर सांगायचे. त्यांनी भोकरदनच्या बाजूला एक तट्टू बघून तिला नेऊन दिलं, तिने ते सरळ घेतलं, त्याच्या गळ्यात मैनेची माळ घातली आणि वाडा वेळेवर निघाला. सर मात्र तिच्याकडून रागाची वाट बघत राहिले. एकदा त्यांनी विषय काढला, तर ती म्हणाली, "मेंढरामागं माणसं मरून राह्यली, तू घोडीचं काय घेऊन बसलास." त्यांना वाटलं, संपलं. पण तीन-चार वर्षांनी, भाकरी थापता थापता, तिने त्यांना एक विचारलं. हे सरांनी मला सांगितलं तेव्हा प्रथमच ते खुर्चीत बसले होते. शाळा सुटलेली, खोलीत आम्ही दोघंच.

"अक्का म्हणली, रंग्या, तू त्या साहेबाला सांगतलं असतं, ही माझी बहीण हाय म्हणून, तर त्यानं दुसरं पोतं बांधाया लावलं असतं का?"

त्यांचं पुस्तकी बोलणं पार गळून पडलं होतं. "ती टोमणा मारून नव्हती राह्यली, बाई. तिला खरंच म्हाईत करून घ्यायचं होतं. साहेब लोक कसे असतात, मला ठाऊक असंल, म्हणून इचारलं."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काहीच न्हाई. भाकर खाल्ली आन् उठून आलो."

 त्यांना माझ्याकडून काही ऐकायचं नव्हतं. ते उठले, खुर्ची होती तशी टेबलाला लावली आणि गेले. दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा तेच शुद्ध बोलणं.

शब्द गोळा करणं त्याच सुमाराला सुरू झालं. बस स्टँडजवळ रशियन पुस्तकांची विक्री लागायची. स्वस्त, जाड पुठ्ठ्याची, छान चित्रांची पुस्तकं. त्यातलं यंत्रांवरचं एक पुस्तक सरांनी घेतलं आणि त्यात त्यांना कळलं की रशियनमध्येही घोड्याचीच ताकद म्हणतात, लोशादिनाया सीला. त्यांना ते चमत्कारिक वाटलं. इंग्रजांचा शब्द इंग्रजांनी घोड्यावरून केला, आपण त्यावरून अश्वशक्ती केला, ते समजू शकतं. पण रशियालासुद्धा दुसरं काही सुचू नये? मग ते हात धुऊन मागे लागले. जालन्याला लोखंडाच्या कारखान्यांत परदेशी भंगार येतं. सर सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन मोडक्या इंजिनांवरच्या पट्ट्या वाचायचे. गेटवरचा माणूस त्यांना भंगारवाला समजायचा. औरंगाबादला पेपर तपासायला गेले की विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसायचे. जर्मनमध्ये फेर्डेश्टेर्के, घोड्याचा जोर. फ्रेंचमध्ये शव्हाल-व्हापर, वाफेचा घोडा. पोलिशमध्ये यांत्रिक घोडा. फिनलंडमध्ये हेवोसवोइमा, हंगेरीत लोएरो. या दोघांची भाषा शेजाऱ्यांशी जुळत नाही, तरी घोडा आहेच. ग्रीक लोक तर नुसतं घोडाच म्हणतात, ताकद म्हणतच नाहीत.

"तुम्ही शोधताय काय?" मी एकदा विचारलं.

"एखादी तरी भाषा असेल," ते म्हणाले, "जिला घोड्याला मध्ये घ्यावंसं वाटलं नसेल."

नव्वदच्या दशकाच्या मध्यात माझ्या दिरांच्या शेतात बियाण्यांच्या कंपनीचा प्लॉट होता. तो बघायला हॉलंडचा एक पाहुणा येणार असं कळल्यावर सर सकाळीच येऊन बांधावर उभे राहिले. कंपनीची माणसं पाहुण्याला परागीकरण समजावून देत होती आणि सर संधी शोधत मागे मागे. शेवटी त्यांनी आपल्या सावकाश इंग्रजीत विचारलंच, की तुमच्याकडे हॉर्सपॉवरला काय म्हणतात. इंग्रजीत का होईना, एवढ्या वर्षांत तो शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होते. पाहुणा चकित झाला, मग हसून म्हणाला, पार्डेनक्राख्त. सरांनी तो म्हणून बघितला. घशातला तो शेवटचा खरखरीत उच्चार त्यांना बरोबर जमला, आपल्याकडच्या उर्दूतला 'ख़' त्यांच्या सवयीचा. पाहुणा खूश झाला. तुम्ही घोडे पाळता का, असं त्याने विचारलं.

सर म्हणाले, "माझ्या बहिणीची एक घोडी होती."

पाहुणा म्हणाला, छान. आणि पुढच्या सरीकडे गेला. सर बांधावर तसेच थांबले. त्यांचे कान लाल झाले होते. 'माझ्या बहिणीची' हे शब्द त्यांनी चारचौघांत म्हटलेले मी पहिल्यांदाच ऐकले, आणि ते ऐकणारा तो माणूस संध्याकाळी विमानाने निघून जाणार होता. हे त्यांना माझ्याइतकंच कळलं असावं. 

तुर्की शब्द त्यांना सगळ्यात शेवटी मिळाला. ग्रंथालयातल्या कुठल्याशा कोशातून त्यांनी तो आणला, बेयगिर ग्यूजू. ग्यूजू म्हणजे ताकद, पण बेयगिर म्हणजे साधा घोडा नाही, असं त्यात लिहिलं होतं. ते त्यांना नीट लागेना. मी घरी जाऊन शब्दांचं मूळ देणारा कोश काढला. बेयगिर म्हणजे आपला बारगीरच, फारसीतून तिकडे गेलेला आणि इकडे आलेला. आपल्याकडे तो दुसऱ्याच्या घोड्यावर बसून लढणाऱ्या शिपायासाठी वापरला गेला. मूळचा अर्थ मात्र ओझं उचलणारा, वाहणारा. तुर्कांनी तो शब्द ओझ्याच्या तट्टूला ठेवला. दुसऱ्या दिवशी मी सरांना हे उत्साहाने सांगितलं. मला वाटलं, खूश होतील.

ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. तिथूनच म्हणाले, "म्हणजे संसार वाहणारी."

त्यानंतर त्यांनी मला एकही शब्द आणून दाखवला नाही. शोधणं थांबवलं, की मला सांगणं थांबवलं, मी विचारलं नाही. वर्गात तो धडा आला की पुढच्या बाकावरचा मुलगाच वाचत राहिला. नवे आलेले विज्ञानाचे शिक्षक म्हणाले की आता सगळीकडे किलोवॅट झालंय, तो जुना शब्द शिकवायचीही गरज नाही. सरांनी मान हलवली आणि विषय बदलला.

दोन हजार सालानंतर ते निवृत्त झाले. निरोपाचा समारंभ नको म्हणाले. शाळेने तरी केला, त्यांनी दोन वाक्यांत आभार मानले. मीही पुढे जालन्याला मुलीकडे राहायला आले. त्यांची बातमी अधूनमधून कानावर यायची. कौसाबाई अंथरुणाला खिळली होती. तिचा मुलगा कारखान्यात कामाला लागला होता आणि मेंढरं विकायला ती तयार नव्हती. सर तिच्याकडेच राहायला गेले आहेत असं कुणी सांगितलं. तिचं सगळं तेच करतात, असंही.

मग एकदा मी काही कामाने एसटीने जाफराबादला निघाले होते. भोकरदन सोडल्यावर रस्त्यावर मेंढरं आडवी आली. गाडी थांबली, ड्रायव्हरने हॉर्न धरून ठेवला आणि डोकं बाहेर काढून म्हणाला, "ए म्हाताऱ्या, बाजूला घे ना तुझी जनावरं."

मेंढरांच्या मध्ये जंजाळ सर होते. पांढरा शर्ट, इस्त्री नव्हती. डोक्याला फडकं, खांद्यावर घोंगडं, हातात उंच काठी. ते तोंडाने मेंढरांना आवाज देत होते. मी तो आवाज त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. माझ्या मागच्या सीटवर एक तरुण होता, त्याने त्यांना ओळखलं. खिडकीतून बाहेर वाकून तो म्हणाला, "सर! सर, मी खरात, दहावीचा!"

सरांनी वर बघितलं. गाडीच्या सगळ्या खिडक्यांतून माणसं त्यांच्याकडे बघत होती. त्यांचा चेहरा क्षणात उतरला आणि हातातली काठी त्यांनी पटकन पाठीमागे घेतली, चोरी पकडली गेल्यावर मुलाने वस्तू लपवावी तशी. मला वाटलं, आता ते मान खाली घालतील. ते तसेच उभे राहिले, मेंढरं त्यांच्या पायांना घासून जात होती. मग त्यांनी पाठीमागचा हात पुढे आणला, काठी वर उचलली, आणि खरातला दिसेल अशी थोडा वेळ तशीच धरली.

रस्ता मोकळा झाला. गाडी निघाली.